पाणी गेलं, गोटे राहिले

तीर्थरूप आबा,

परवा गंगोत्रीहून परत आलो. गंगाजलाची कुपी देवघरात ठेवली, तुमच्या फोटोला हार घातला, आणि किती वर्षांनी तुमच्या डोळ्यांकडे नीट बघता आलं. म्हणून लिहायला बसलो. तुम्ही गेल्यानंतरचं हे पहिलंच पत्र.

सोबत वामनतात्या होते. हो, तेच! दुष्काळात आपल्या पाणी सोसायटीला सामाईक विहीर खोदायची होती. बैठकीत तुम्ही धोतराच्या सोग्यातून आपल्या बांधाजवळचे गोल गोटे काढून सतरंजीवर मांडलेत. 'हे पाण्यानं घासलेले हायेत. तिथं जमिनीखाली नदी हाय,' म्हणालात. सगळ्या गावानं श्रमदान करून सहा परस खोल खोदलं. विहीर कोरडी ठणठणीत.

तेव्हा तात्या म्हणाले होते, 'आबा, नदी बरी तुमच्याच बांधाला घावली!' लोक हसले. तात्यांनीच तिला नाव पाडलं, थापाड्याची विहीर. आज तुमची नातवंडंही तेच नाव घेतात.

मी तेव्हा विशीत होतो. घरी आल्यावर मीही विचारलं, 'कावून आपल्याच बांधाजवळ, आबा?' तुम्ही म्हणालात, 'गोटे तिथं हायेत म्हणून.' आणि बैलांना कडबा टाकायला उठलात. मला वाटलं, टाळलंत. दोन शब्द जास्त बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

गोमुखाच्या वाटेवर तिथलाच एक वाटाड्या आमच्यासोबत होता. एका उजाड जागी थांबून त्यानं सांगितलं, 'माझ्या आजोबांच्या वेळी बर्फ इथवर होता. आता पार मागे सरकलाय.' दरीच्या दोन्ही अंगांना बांध घातल्यासारखे दगडमातीचे लांबच लांब ढिगारे होते. घराएवढा धोंडा आणि पिठासारखी माती एकाच ढिगात. बर्फानं सगळं ओढत आणलेलं, आणि तो वितळला तसं जागच्या जागी राहिलेलं. एका खडकावर त्याच बर्फानं ओढलेल्या, कुळव फिरवल्यासारख्या रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेला. देवाच्या पायरीला लावतो तसा मी त्यांना हात लावला.

तात्यांनी ढिगातला एक दगड उचलला. 'याला तर कोपरे हायेत.'

'बर्फ असेच दगड टाकून जातो,' वाटाड्या म्हणाला. 'गोल करायचं काम पाण्याचं.' त्यानं खाली नदीकाठी नेऊन एक गुळगुळीत गोटा त्यांच्या हातात ठेवला.

'आन् असा गोटा कोरड्या रानात घावला तर?'

'तर नदी कधीतरी तिथून वाहिली असणार. मग तिनं जागा सोडली.'

तात्या तिथंच धोंड्यावर बसले. गोटा हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, 'तुझा बाप खोटं न्हाई बोलला बे. फक्त लई उशिरा पोचला.'

'मग तुमी हसलात कावून, तात्या?'

'तू तरी कुठं आडवा आलतास?'

खरं होतं ते. मी हसलो नव्हतो, आबा, पण गप्प बसलो होतो.

गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं विहिरीवर गेलो. काठावरची झुडपं बाजूला केली. काठाखाली वीतभरावरच, वाळूसकट गोट्यांचा हातभर जाडीचा थर! खोदताना तो सगळ्यांनीच पाहिला असणार, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे होतं. मग आजूबाजूची रानं तुडवली. एकाही रानात वर गोटा दिसला नाही. फक्त आपल्या बांधाजवळ, नांगरानं वर काढलेले. तुम्ही मला टाळलं नव्हतंत. खरं तेच सांगितलं होतंत.

पाणी लागलं नाही, ही तुमची चूकच. नदी होती आणि नदी आहे, यातला फरक तुम्हाला कळला नाही. गावानं उन्हात घाम गाळला तो वाया गेला, हेही खरं. पण ती थाप नव्हती. एवढं कळलं आणि काल रात्री शांत झोप लागली. देवाकडे मी याहून जास्त काही मागितलं नव्हतं.

येत्या महिन्यात सोसायटीची सभा आहे. 'नाव मी पाडलं, मीच पुसतो,' असं तात्या म्हणालेत. वय झालंय त्यांचं, बोलताना अडखळतात. ते अडखळले तर मी उभा राहीन आणि सगळं सांगेन. या वेळी गप्प बसणार नाही, आबा. हा माझा शब्द.

तुमचा,
दत्तू