पाखराचं लेक्चर

२९ सप्टेंबर

फिजिक्सला सर नाहीतच. जुलैपासून "येतील, येतील" चाललंय. आज कळलं की बायोलॉजीच्या मॅडमच घेणार. मॅडम म्हणाल्या, "मीच बारावीला फिजिक्समध्ये कशीबशी पास झाले." निदान खरं तरी बोलल्या!

खुशबू आणि मी ठरवलं – गेलं खड्ड्यात कॉलेज, फोनवर शिकायचं. फुकट लेक्चर आहेत, अख्खा सिलॅबस. फोन माझा, कारण तिच्याकडे नाही. संध्याकाळी तिने आमच्या सपरीत, पुढच्या पडवीत, यायचं. दोन घरांमध्ये एक काट्यांचं कुंपण, तेही मोडलेलं. तिथूनच ती लहानपणापासून येते.

३ ऑक्टोबर

आज इलेक्ट्रिक फील्ड. पुस्तकात तीनदा वाचलं होतं, डोक्यावरून गेलं होतं. सर हिंदीत सांगतात, हाताला खडू, शर्टाला खडू. म्हणाले, चार्ज ठेवला की त्याच्या आजूबाजूची जागाच बदलते. डोळ्यांना काही दिसत नाही. तिथे दुसरा चार्ज नेला की मग कळतं.

खुशबू म्हणाली, "तुझे बाबा घरात आले का असंच होते, पाह्य ना."

हसून हसून पोट दुखलं. खरंच आहे! बाबा आले की आईचा आवाज खाली, माझा बंद. मारत नाहीत, ओरडत नाहीत. नुसते येतात.

९ ऑक्टोबर

रानडुकरांनी बोडीकडची, तळ्याकाठची धानाची बांधी लोळवली. धान भरात आलं होतं. बाबा दिवसभर जेवले नाहीत.

संध्याकाळी तार बाहेर काढली. दरवर्षी लावतात. खुंट्या ठोकून धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून तार ओढायची, अंधार पडला की मोटरच्या पेटीतून करंट सोडायचा, उजाडलं की बंद. गुन्हा आहे, सगळ्यांना माहीत आहे. सगळेच लावतात, म्हणून कोणी कोणाचं सांगत नाही.

खुशालकाकांची – खुशबूच्या बाबांची – वाट आमच्याच धुऱ्यावरून आहे. जिथे तार ओलांडायची तिथल्या खुंटीला बाबा लाल चिंधी बांधतात. काका तिथे पाय उचलून पलीकडे जातात. मी लहान होते तेव्हापासून पाहते.

१४ ऑक्टोबर

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते!

खुशबू मामाकडे दिघोरीला गेली आहे. मी एकटीच लेक्चर पाहत होते. तारेवर बसलेलं पाखरू मरत का नाही, हे सर सांगत होते. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणून. माणूस खाली जमिनीवर उभा असतो. करंटला जायला वाट लागते, ती जमीन देते. कोरडी रेती वाट नीट देत नाही, ओली माती देते.

बाबा दारात अंबाडीचा दोर वळत बसले होते. एकदम म्हणाले, "थांब. मांगून लाव."

बाबा! मी पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "आपली डुकरं झटका खाऊन पळून जातात. ते काहून?"

मी कोळसा घेतला आणि जमिनीवर आकृती काढली. ही तार, हे डुक्कर, हा धुरा. पाऊस गेला, धुरा सुकला, म्हणून. मॅडमसारखी बोलत होते मी. बाबा मधे मधे विचारत होते आणि मला सगळं येत होतं!

उठताना आईला म्हणाले, "पोट्टी हुशार हाये वं."

माझ्यासमोर. जन्मात पहिल्यांदा. मी आकृती पुसली नाही, सकाळी आईनेच झाडताना पुसली तर पुसली.

१६ ऑक्टोबर

बाबा मोटर लावून धुरा भिजवून राहिलेत. कालपासून. आज लोक उभे राहून पाहत होते. खुशालकाका ओरडले, "काय देवाजी, धुऱ्यावर धानाचा रोवना करतं का?"

बाबा म्हणाले, "आमच्या अंजूनं सांगतलं."

मी असं सांगितलंच नव्हतं! मी फक्त का होतं ते सांगितलं. करा असं नाही. जेवताना धीर करून म्हटलं, "बाबा, मानसालेही तसंच लागन ना." बाबा म्हणाले, "मानसाले चिंधी दिसते."

लेक्चरखाली डाऊट टाकला. जमीन ओली असेल आणि माणूस चुकून तारेला लागला तर काय? कोणीतरी उत्तर दिलं – एक्झाममध्ये येत नाही.

१८ ऑक्टोबर

दोन डुकरं मेली. बाबांनी एकोडीच्या बाजारातून माझ्यासाठी जिलबी आणली. खाल्ली. गोड लागली.

२५ ऑक्टोबर

खुशबू परत आली. तिचं पाखराचं लेक्चर राहिलंय. म्हणाली, "ते मांगून पाहू, आता पुढचं लाव." पुढचं लावलं. फील्ड लाइन्स. एकमेकींना कधी छेदत नाहीत. तिला माझ्याआधी समजतं, मला राग येतो आणि बरंही वाटतं. काकांनी तिला मंडईच्या जत्रेतून पट्ट्यांची वही आणून दिली आहे, ती फक्त फिजिक्सला ठेवणार म्हणे.

५ नोव्हेंबर

खुशालकाका गेले.

६ नोव्हेंबर

लिहू का नको? या पानाला तरी सांगते.

काल त्यांची कापणी होती. बाया यायच्या आत बांधी पाहून येतो म्हणून काका झुंजूमुंजू असतानाच निघाले. बाबांनी अजून करंट बंद केला नव्हता. काका त्या लाल चिंधीपाशीच होते. नेहमीसारखा एक पाय उचलला असेल. धुरा रोज भिजवून भिजवून शेवाळला होता. दुसरा पाय घसरला.

बाबांनी पेटी बंद केली, तार गुंडाळली, काकांना उचलून बोडीच्या पाळीवर निजवलं आणि मग हाका मारल्या. हे बाबांनी आईला सांगितलं. मी चुलीपाशीच होते.

गावातली चार मोठी माणसं आली. काकांच्या पायाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. एकाने काकांचं धोतर पायावर ओढलं. म्हणाले, अटॅक. दुपारच्या आत नेलंसुद्धा. त्या चौघांच्याही शेतात तार आहे.

घरी मी ओरडले. खुशबूचे बाबा आहेत ते, तुम्ही काय करून राहिले! आईने माझ्या तोंडावर हात दाबला. पिठाचा हात. बाबा पाटावर बसले होते. म्हणाले, "तूच सांगतलं होतं ना पोट्टे, ओल्यात नीट लागते म्हनून?"

रागाने नाही म्हणाले. विचारल्यासारखं म्हणाले. राग असता तर बरं झालं असतं.

७ नोव्हेंबर

खुशबूकडे गेले. तिने माझा हात धरून ठेवला. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता.

१२ नोव्हेंबर

गोदावरीकाकू – खुशबूची आई – आईला म्हणत होत्या, "पायाले काळा पट्टा होता वं ह्यांच्या. अटॅकनं पाय जळते का?"

आई म्हणाली, "दगडानं खरचटलं असन, बाई."

आई देवाला घाबरते, खोटं बोलायला नाही. आज कळलं.

१७ नोव्हेंबर

तेरवी झाली. सगळ्यात जास्त बाबा राबले. लाकडं फोडली, पाणी भरलं, पंगतीला वाढलं. काकू सगळ्यांना सांगत होत्या, "देवाजीभाऊ भावापरीस जास्त झाले." बाबांनी मान वर केली नाही. सगळी माणसं उठल्यावर एकटे जेवले. वरण घ्यायला विसरले, कोरडा भात खाल्ला. मला त्यांची कीव आली. कीव आली म्हणून स्वतःचा संताप आला.

२० नोव्हेंबर

खुशबू आली. तशीच मोडक्या कुंपणातून, ती वही घेऊन.

"शिकव मले," म्हणाली. "बाबा म्हनत होते, पोट्टी बारावी झालीच पायजे."

तिने राहिलेल्या लेक्चरची नावं लिहून आणली होती. सगळ्यात वर पाखराचं.

मी म्हटलं, "ते राहू दे. एक्झाममध्ये येत नाही."

२१ नोव्हेंबर

"नेट नाही," म्हटलं.

२२ नोव्हेंबर

"चार्जिंग नाही," म्हटलं. ती बसून राहिली. फोन उशाखाली वाजला. तिने ऐकलं. वही घेऊन उठून गेली.

छोटंसं लेक्चर आहे ते. ती माझ्याहून हुशार आहे. पाचव्या मिनिटाला तिला धुरा आठवेल.

२४ नोव्हेंबर

बाबांनी तार पुन्हा लावली!

आमचं धान अजून उभं आहे, भारी जातीचं आहे, उशिरा कापतात. मी शेतात गेले आणि पाहिलं. तीच तार, तीच चिंधी. धुरा तेवढा भिजवत नाहीत आता. काकांचं धान त्या दिवशी राहिलं ते राहिलंच, उद्यापासून कापणार आहेत. काकांच्या वाटेने आता खुशबू जाते.

हात जोडले. "बाबा, काढा ना ते. खुशबू जाते तिथून."

बाबांनी दोराला आणखी एक पीळ घातला. मग म्हणाले, "पूरं गाव लावते. मी एकट्यानं काढली तर लोक इचारतील ना – देवाजीनं काहून काढली?"

म्हणजे काकांना लपवायला तार लावायची. आणि उद्या खुशबूचा पाय घसरला तर तिला लपवायला आणखी एक. याला शेवट काय?

सर म्हणाले होते, डोळ्यांना दिसत नाही, दुसरा चार्ज नेला की कळतं. आमच्या घरात आता तसंच आहे. खुशबू दारात आली की आम्ही तिघंही बदलतो. तिला ते जाणवतं. मी पाहिलंय.

२५ नोव्हेंबर

सकाळी तिच्याआधी धुऱ्यावर जाऊन बसले. करंट बंद आहे हे पेटी उघडून पाहिलं, मग तिला येऊ दिलं. म्हणाली, "तू कायले आली इतक्या सकाळी?" मी म्हटलं, फिरायला. धुऱ्यावर फिरायला कोण येतं!

उद्याही जाईन. परवाही. बारावी संपेपर्यंत, लग्न होऊन ती जाईपर्यंत अशीच बसू का?

२६ नोव्हेंबर

खुशबूला मीच हाक मारली. पाखराचं लेक्चर लावलं. आवाज मोठा ठेवला. बाबा दारात दोर वळत होते.

ती वहीत सगळं उतरवून घेत होती, अर्ध्यातच लिहायचं थांबली. लेक्चर संपलं. पुढचं आपोआप सुरू झालं, ते मी बंद केलं.

मग तिने विचारलं, "अंजू, धुरा कायले भिजवत होते तुझे बाबा?"

"मी सांगतलं होतं म्हनून," मी म्हटलं. मग बाकीचंही सांगितलं. बाबा दारातच बसून होते. उठले नाहीत.