वरून उतरणारं कापड

२४ एप्रिल

बर्थच्या गाद्यांची शेवटची खेप गेली! व्यंकटराव, आमचे मालक, टेम्पोमागं वळणापर्यंत चालत गेले. लेकीची पाठवणी करावी तसे. मग आत येऊन म्हणाले, "बायांनो, आगगाडीच्या डब्यांचं काम मोठ्या मशिनीकडं गेलं. कोचिंगच्या होस्टेलांत तयार फोमच्या गाद्या येऊन राहिल्या. मे सरला की कारखान्याला कुलूप."

गंगम्मा म्हणाली, "कुलपाला तरी एक गादी शिवू का मालक?"

सगळ्या हसलो. हसून झाल्यावर कुणी कुणाकडं बघेना.

इतकी वर्षं डब्यांच्या गाद्या शिवल्या. माझ्या टाक्यांवर झोपून माणसं कुठकुठं गेली असतील! मी मात्र नांदेडच्या पुढं न्हाई गेले.

२८ एप्रिल

काम आलं — आणि काम तरी कसलं! विमानाचं!

नांदेडहून उर्वी नावाची पोरगी आली. इंजिनियर हाय, पण बोलते घरच्यासारखी. तिच्या कंपनीला छत्र्या पाहिजेत — पॅराशूट. टीव्हीवर रोज लढाई होणार अशा बातम्या, मागणी एकदम वाढलेली, शिवणारे हात कमी.

मी विचारलं, "यात माणूस बसतो का गं?"

"नाही आजी. बिनमाणसाचं, सरावाचं विमान आहे. आपले सैनिक त्याच्यावर नेम धरायला शिकतात. नेम चुकला की छत्री उघडते, विमान अलगद खाली येतं. मग पुन्हा उडवायचं."

"म्हणजे चुकलेल्या नेमाची शिलाई आमची!"

पोरगी पोट धरून हसली.

कापड असं, की हातात घेतलं तरी हात रिकामाच वाटतो. नमुना पास झाला तर कारखाना राहतो. न्हाई तर कुलूप.

२९ एप्रिल

नागसेनला सांगितलं. लेक माझा, मुरुडला मास्तर, सध्या सुट्टीत घरीच. ताटावरून उठला न्हाई, पण घास थांबला.

"माय, लढाईचं शिवणार तू?"

"सरावाचं हाय रे."

"सराव कशाचा?"

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

मग हळूच म्हणाला, "बाबा कशानं गेले, माय?"

भूकंपात माळवद, मातीचं जड छप्पर, खाली आलं. हे आत निजलेले. मी आन नागसेन उकाड्यानं वट्ट्यावर, म्हणून राहिलो. दहा वर्षांचा होता. पुढं पत्र्याच्या शेडात मी शिवण शिकले, आन त्याच्या पाटीवरून अक्षर. तेव्हाच्या गोष्टी तो कधी काढत न्हाई. आज काढल्या.

"वरून पडणाऱ्या गोष्टीनं आपलं काय केलं ते तुला ठाऊक हाय. यानं कुणाचा जीव जाणार न्हाई, असं छातीवर हात ठेवून सांग. मग खुशाल शीव."

हात उचलला. छातीपर्यंत जाईना.

३० एप्रिल

त्याला शब्द दिला — मे महिनाभर शिवते. महिना सरेपर्यंत छातीवर हात ठेवून सांगता आलं न्हाई, तर सुई खाली ठेवीन. बोलून बसले खरी!

५ मे

नमुना तयार! छत्रीच्या कापडाच्या पाकळ्या कापून आलेल्या, आम्ही जोडल्या. पण जोडून बघतो तर वर टोकाला, छत्रीच्या टाळूला, वाटीएवढं भोक.

गंगम्मा कानात म्हणाली, "अक्का, पोरीचं माप चुकलं."

एवढं उंची कापड आन मधोमध भोक! रेल्वेच्या साहेबापुढं आपली भोकाची गादी कधी गेली का? मी गोल ठिगळ लावलं. असं लावलं, की बोटालाही कळू नये. उर्वीला कमीपणा नको, म्हणून तिला कुणी बोललो न्हाई.

६ मे

पाण्याच्या टाकीवरून छत्रीला वाळूचं पोतं बांधून सोडलं. उघडली — टाळ्या! — आन मग पिसाळली. जत्रेतल्या पाळण्यागत इकडून तिकडं झोके. पोतं टाकीच्या खांबावर आपटलं, फुटलं. व्यंकटरावांच्या डोक्यात वाळू, मिशांत वाळू.

उर्वी छत्री उलटीपालटी करून बघत टाळूपाशी आली. थांबली.

"हे कुणी...?"

"मी. तुझं माप चुकलं होतं गं. झाकून घेतलं."

मटकन खाली बसली. मला वाटलं, रडते. हसत होती! "आजी, हवेला वरून वाट पाहिजे. वाट नाही दिली तर ती बाजूनं पळते, छत्रीला ढकलते."

गंगम्मा म्हणाली, "म्हणजे चुलीचं धुराडं की!"

"हो, धुराडंच!"

आन मी धुराडं बुजवून बसले होते. उर्वी कंपनीकडून अजून एक संधी मागते म्हणाली.

७ मे

लढाई लागली. वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या कोचिंगच्या पोरी भेदरून खाली आल्या. घरून फोनावर फोन — "निघून ये". भात टाकला. जेवल्या, मग निजल्या.

९ मे

पास! पास! ठिगळ उसवलं, भोकाचा काठ दुमडून पक्का केला. आज छत्री खाली आली ती म्हातारं माणूस पायरी उतरतं तशी, जपून जपून. पोत्यातला वाळूचा कण सांडला न्हाई. व्यंकटराव उड्या मारत होते. या वयात!

घरी सांगितलं. नागसेन म्हणाला, "चांगलं झालं." तेवढंच.

१० मे

लढाई थांबली!

कारखान्यात टाळ्या वाजवल्या, आन मग एकेक बाई उरलेलं कापड मोजायला लागली. काम? लढाई थांबल्याचा आनंद आन काम जाईल याची भीती — दोन्ही एकदम. माझीच मला शरम वाटली.

संध्याकाळी उर्वीचा फोन, "सराव थांबत नसतो आजी. शिवत राहा." हुश्श!

१२ मे, बुद्धपौर्णिमा

विहारात नागसेन खीर वाढत होता. माझ्या वाटीत दोन पळ्या.

"शिवून राहिलीस?"

"हाव."

"सांगता येतंय?"

"न्हाई अजून."

"बरं." आन पुढं गेला.

रागवत न्हाई, तेच जड जातं.

२२ मे

खेपेमागं खेप चाललीय. ज्या बाया काम न्हाई म्हणून घरी बसल्या होत्या त्या परत आल्या. आज व्यंकटरावांना सांगितलं — महिनाअखेर मी जाते.

"थट्टा करता काय बाई? तुमच्यामुळं तर चाललंय!"

"लेकाला शब्द दिलाय."

गंगम्मा भडकली, "थांब, मास्तरला मीच समजावते! मोठा आलाय!"

"त्याला न्हाई गं, मलाच उत्तर सापडंना."

खोटं बोलले असते तर त्याला कळलंही नसतं. मला कळलं असतं.

२९ मे

गंगम्माला टाळूचा काठ दुमडायला शिकवला. माझ्यापेक्षा बरा दुमडते. डोळे पुसत दुमडत होती.

३० मे

उर्वीचा फोन आला. नागसेन समोर होता, म्हणून आवाज मोठा केला. म्हणाली, सरावाच्या विमानाचं इंजिन वरच बंद पडलं, वाऱ्यानं विमान एका वस्तीवर नेलं. आपली छत्री उघडली. एका अंगणात उतरलं. तिथं बाजेवर तान्हं लेकरू होतं — त्याची झोपसुद्धा मोडली न्हाई. वाळत घातलेल्या कुरडयांचा तेवढा चुरा झाला.

नागसेननं छातीवर गेलेला माझा हात बघितला. मग म्हणाला, "आपल्या डब्यातल्या कुरडया त्या बाईला पाठव, माय. पुढच्या छत्र्यांबरोबर."