घाटातला हँडब्रेक

५ नोव्हेंबर

आज बाबांनी फाटकाचा खांब पाडला. गाडी मागे घेताना. वर मलाच सांगतात, खांब चुकीच्या जागी होता! आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, अर्ध्या गावाला गाडी शिकवली, मलासुद्धा. आता त्यांना "पुरे झालं" कोण म्हणणार? दादाला फोन केला. "तू तिथे आहेस ना, तूच बघ." अंग काढून घेण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

पण आज खांब होता. उद्या एखादं पोर असलं म्हणजे?

७ नोव्हेंबर

बाबांना नवी गाडी बघायचीय. टेस्ट ड्राइव्ह घेऊ म्हणतात. मी कपाळाला हात लावला.

८ नोव्हेंबर

एकटीच शोरूमला जाऊन आले. सेल्समनला विश्वासात घेतलं. ही मंडळी गिऱ्हाइकांना तलावाकाठच्या सपाट रस्त्याने फिरवून आणतात. मी म्हटलं, आम्हाला घाटात घेऊन चला. उभा चढ, आंधळी वळणं, बाजूला दरी – दमले की बाबा आपणहून स्टिअरिंग सोडतील. मला तोंड उघडायची वेळच नको. तो घुटमळला. वडील आहेत ना तुमचे, म्हणाला. म्हणूनच, मी म्हटलं.

मोठ्या तोऱ्यात घरी आले. जेवण मात्र गेलं नाही.

११ नोव्हेंबर

झालं एकदाचं.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी शेजारी, सेल्समन मागे. घाटाकडे घ्या, असं तो म्हणायच्या आतच बाबांनी गाडी तिकडे वळवली. आणि काय चालवली त्यांनी! गियर कधी बदलला कळत नव्हतं. खाली दरीत ढग अडकलेले, कड्यावरून पाण्याची धार, वळणागणिक डोंगर जवळ येत होता. "तुझी आई इथे डोळे मिटून घ्यायची," म्हणाले आणि हसले. किती दिवसांनी हसले!

माझा हात मात्र हँडब्रेकवर. शिकाऊ माणसाशेजारी बसलं की हात तिथेच ठेवायचा, हे त्यांनीच शिकवलेलं.

वळणावरून ट्रक आला. मी ब्रेक ओढला. गाडी गचका देऊन थांबली. ट्रक आरामात निघून गेला – बाबांनी गाडी आधीच बाजूला घेतली होती. मीच उशिरा पाहिलं.

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. "तू घे," म्हणाले. उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या जागेवर येऊन बसले. सेल्समन म्हणत होता, माथा आलाच, वरून फार छान दिसतं. मी गाडी तिथूनच वळवली. कशाला वळवली मी?

१२ नोव्हेंबर

बाबा रागावलेले नाहीत. चहा घेतला, पेपर वाचला, कुंड्यांना पाणी घातलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्यासमोर जायची लाज वाटते.

१३ नोव्हेंबर

दादाला सगळं सांगितलं. "बरं झालं, सुटलो!" सुटलो म्हणे! फोन ठेवून दिला. माफी मागायला बाबांच्या खोलीपर्यंत गेले आणि भाजी कुठली करू विचारून परत आले.

१४ नोव्हेंबर

सकाळी एक माणूस आमची जुनी गाडी न्यायला आला. बाबांचा जुना विद्यार्थी. किल्ली त्याच्या खिशात! खांब पडला त्याच संध्याकाळी बाबांनी त्याला बोलावून गाडी देऊन टाकली होती. यापुढे चालवणार नाही, असं सांगून.

मग टेस्ट ड्राइव्ह कशाला, मी विचारलं.

"आपल्या गाडीला घाटाचा तो चढ आता झेपत नव्हता," बाबा म्हणाले. "शेवटचं एकदा माथ्यापर्यंत जायचं होतं गं. तुला शेजारी बसवून."

दोनच वळणं राहिली होती.