पायाखालचा दुसरा ब्रेक

४ मार्च

बुडालो! सकाळपासून प्रत्येक वेळी. लेकीच्या खोलीत, तिच्याच जुन्या कॉम्प्युटरवर, तिच्याच जॉयस्टिकने. खेळ असा, की विमानवाहू जहाजावर विमान उतरवायचं. वरून बघितलं तर जहाज म्हणजे पाण्यात पडलेली काडेपेटी, आणि तीही पुढे पळते!

ही दारात उभं राहून म्हणाली, "अहो, जन्मभर लोकांना गाडी शिकवलीत. आता जरा स्वतः आपटा."

५ मार्च

खरं कारण लिहून टाकतो. इथे कोण बघायला येतंय!

लेक नौदलात वैमानिक व्हायला निघाली आहे. पुढच्या महिन्यात तिची जहाजावर उतरण्याची परीक्षा — खरं जहाज, खरा समुद्र. हे माणसाच्या आवाक्यातलं नाही, याची मला स्वतःच्या हातांनी खात्री करून घ्यायची आहे. म्हणजे तिला छातीठोकपणे सांगता येईल, बाई गं, सोड हे, घरी ये. आपलं ड्रायव्हिंग स्कूल आहे, ते सांभाळ.

हिला यातलं काही सांगितलेलं नाही. पण हिला कळलंय अर्थात.

९ मार्च

टेकतो, आणि घरंगळत पाण्यात जातो. का, ते आज कळलं. चाकं टेकली की माझा हात आपोआप थ्रॉटल, म्हणजे विमानाच्या रेसचा दांडा, मागे ओढतो. थांबायचं तर रेस सोडायची, हेच तर आजवर शिकवत आलो!

फोनवर लेकीला विचारलं तर हसतच सुटली. "बाबा, टेकलात की पूर्ण ताकद द्यायची!"

"अगं, पण थांबायचंय ना?"

"थांबवायला डेकवर तार असते. विमानाचा हूक तिच्यात अडकला तर थांबाल. नाही अडकला तर? डेक लगेच संपतो. पुन्हा उडायला ताकद नको?"

म्हणजे उतरतानाच उडायच्या तयारीत राहायचं. कुठल्या वेड्याने काढलं हे, असं आधी वाटलं. दुपारभर विचार केला. वेडा नव्हता तो.

१० मार्च

पुन्हा पाणी.

१४ मार्च

आजची शिकाऊ — बँकेतल्या कॅशियर बाई — चौकात गडबडल्या. समोर ट्रक. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी थांबली तशी बाई खूश! "बघा, वेळेवर थांबवली की नाही मी?" मी मान डोलावली. निम्म्या गावाचा असाच समज आहे.

या दुसऱ्या ब्रेकवर माझं पोट आहे. आणि खोडही तीच. कुणाच्याही गाडीत बसलो की पाय आपला फरशी दाबतोय. ही म्हणते, "एक दिवस व्याह्यांच्या गाडीला भोक पाडाल." व्याही आहेत कुठे अजून!

१७ मार्च

लेक फोनवर सांगत होती, डेकच्या कडेला एक अधिकारी उभा असतो म्हणे. स्वतः मुरलेला वैमानिक. येणाऱ्या प्रत्येक विमानावर त्याची नजर, आणि रेडिओवर त्याचं बोलणं — खाली जातेयस, ताकद दे, जरा उजवीकडे घे.

"आणि नाही ऐकलं तर?" मी विचारलं.

"लाल दिवे लावतो. परत वर जा म्हणून."

"पण त्याच्या हातात ब्रेक वगैरे?"

"काही नाही बाबा. फक्त आवाज. तो आवाज कधी चढत नाही. तो घाबरला तर आम्ही मेलोच!"

बोलून गेली आणि जीभ चावली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

म्हणजे माझ्यासारखाच मास्तर. पण पायाखाली काही नाही! घास कसा उतरत असेल या माणसाच्या घशाखाली?

२५ मार्च

उतरलो!!

जहाजाकडे बघितलंच नाही. त्याच्या कडेला एक दिवा असतो, तो हिरव्या दिव्यांच्या ओळीत राहिला पाहिजे. तेवढाच बघत आलो. टेकलं. पूर्ण ताकद. हूक अडकला! असा ओरडलो की ही ओल्या हातांनी धावत आली. तिला वाटलं, शॉक बसला.

मग चहा पिताना एकदम खट्टू झालो. हे जमतच नाही, असं आता कोणत्या तोंडाने सांगू? आणि तरी ती घरी यावी असं वाटतंच आहे. भीती वाटते मला. बाप आहे, वाटणारच.

२ एप्रिल

उद्या परीक्षा. ही मघापासून एकच पातेलं घासते आहे.

३ एप्रिल

फोन नाही. शिकवणीत रिकाम्या रस्त्यावर दोनदा ब्रेक दाबला. शिकाऊ म्हणाला, "काका, काय झालं?" मांजर होतं, म्हणालो.

४ एप्रिल

लेकीचा फोन आला. आवाज बसलेला. "बाबा, हूक अडकलाच नाही. एकदाही नाही. उद्या शेवटची संधी देतायत. नको म्हणून सांगू? येऊ घरी?"

हेच ऐकायला इतके दिवस कान लावून बसलो होतो. 'ये' अगदी ओठांवर होतं. ही समोर उभी, माझ्याकडे बघत.

"प्रत्येक वेळी पुन्हा वर गेलीस ना?"

"गेले."

"मग ताकद बरोबर देतेयस. दिव्याकडे बघ. टेकलीस की पूर्ण ताकद. बाकी काही नाही."

मग म्हणाली, "हो बाबा."

आवाज चढू दिला नाही मी. फोन ठेवल्यावर हिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा कळलं — पाय सबंध वेळ फरशी दाबून होता.