भिंतीवरचा पातळ हात

हे मृत्युपत्र लिहायचं महिनाभर टाळलं. आधी पेन नव्हतं, पेन मिळालं तर कागद पसंत पडेना. उद्या पोटाचं ऑपरेशन आहे, सबबी संपल्या. तर मी, दुकानांच्या भिंतींवर सुविचार रंगवत गावोगाव फिरणारा, डोकं ठिकाणावर असताना (आई म्हणायची, ते कधीच नसतं) आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की :

१. घर नाही. खोली भाड्याची, ती मालकाची मालकालाच. सोबत एक वाक्य : "माणूस श्रीमंत झाला की आधी कानानं अधू होतो." छत अजून गळतंय.

२. शिडी खालच्या सायकलवाल्याला. तो म्हणतो, "तू कसला मरतोयस. पण शिडीचं लिहून ठेव." त्याचं वाक्य : "लोक काय म्हणतील म्हणणाऱ्या चार लोकांत आपणही एक असतो."

३. डब्यातले पैसे कोपऱ्यावरच्या शिवणवालीला. लग्नाचं विचारायला दोनदा गेलो, दोन्ही वेळा शर्टाला बटण लावून घेऊन परत आलो. तिच्याकडूनच शिकलो : "नातंही कपड्यासारखं, शिवणीत माया ठेवावी. पुढे उसवून वाढवता येतं."

४. चांगला ब्रश बाबांना. बाबा रंगारी. माझं पहिलं वाक्य मी आमच्या गल्लीतल्या वाण्याच्या भिंतीवर लिहिलं होतं : "खरं बोलणाऱ्याला उधारी मिळत नाही." वाणी भडकला. बाबांनी त्यावर पांढरा रंग मारला. मी घर सोडलं ते सोडलंच. मागच्या वर्षी त्या गल्लीतून गेलो, घरी नाही गेलो. भिंतीवर माझी अक्षरं वाचता येत होती. बाबा रंगाचे दोन हात मारल्याशिवाय भिंत सोडत नाहीत. तिथे एकच हात होता, तोही पातळ. हे त्यांना कुणीतरी सांगा, की मी पाहिलं.

ठिकाण : सायकलच्या दुकानावरची खोली.
दिनांक : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी.

साक्षीदार पहिला : समोरचा न्हावी. ज्याला काही मिळणार त्याची साक्ष चालत नाही म्हणतात, म्हणून सायकलवाला बाद. न्हाव्याला काही ठेवलेलं नाही, तसं त्यानं दोनदा बोलून दाखवलं.
साक्षीदार दुसरा :

थांबा. जिन्यातून सायकलवाला सांगतोय, "अरे, मीच तुझ्या घरी फोन केला होता, रागावू नकोस. चपलेवर पांढरे डाग असलेले एक गृहस्थ आलेत. वर यायला लाजतायत."

कलम चार खोडलं आहे. ब्रश हातातच देईन. मला साक्षीला त्यांची सही हवी आहे.