सतराव्या पिंपाचं बूच

३ नोव्हेंबर १९५३

आल्स्टहून दुपारच्या बसने आले. ओडिल मालकांनी ट्रंक स्वतः उचलली. पोटुशी बाईला ओझं उचलायला लावून गावाच्या शिव्या कोण खाणार, म्हणाले. साठीचा माणूस, मिशा कॉफीत बुडतात. त्यांची बायको झुल्मा. मूलबाळ नाही, म्हणून माझ्या पोटाचं कौतुक फार. पाव, पांढरं चीज, मुळे. पोट फुटेस्तोवर वाढलं. माझा नवरा वानेस गेल्यापासून कुणी असं वाढलं नव्हतं. काम त्यांच्या बिअरच्या कारखान्यात पिंपं धुण्याचं, राहायला खोली. सहावा लागलाय. मूल सारखं लाथा मारतं. दोन पटापट, मग थांबून एक. बापासारखंच, स्वस्थ बसवत नाही. त्याच्यासाठीच उभी आहे मी. बाकी कशाचंच काही वाटत नाही. वानेसला पुरलं त्या दिवशीही रडू आलं नव्हतं.

६ नोव्हेंबर

आज बिअरसाठी गव्हा-जवाचा काढा उकळला. माळ्यावर तांब्याची भली थोरली उथळ परात आहे. काढा तीत ओततात, छपराच्या झडपा उघडतात, रात्रभर निवू देतात. खमीर कुणी घालत नाही, हवेतलं आणि भिंतींतलंच उतरतं. मग पिंपात भरायचा. आठ-दहा दिवसांत बुचाच्या भोकातून फेस उसळतो. तो बसला की बूच ठोकायचं आणि तीन वर्षं हात लावायचा नाही. सगळं पटलं. पण ती जळमटं! शी! झाडू का विचारलं तर झुल्मा हसली. कोळी आमच्या आधीचे भाडेकरू आहेत, म्हणाली. थट्टाच असणार.

१२ नोव्हेंबर

दोघं भाचीच्या लग्नाला हाले गावी गेलीत. म्हटलं, परत येतील तेव्हा डोळे दिपले पाहिजेत. जळमटं काढली, तुळया सोड्याच्या पाण्याने घासल्या, माळ्याला आणि तळघराला चुना फासला. कंबरेचे पार टाके ढिले झाले, पण काय लख्ख दिसतंय!

१४ नोव्हेंबर

मालक ओरडले नाहीत. भिंतीला बोट लावलं, बोटावरचा चुना पाहिला आणि पायरीवर बसले. झुल्मा म्हणाली, अगं भवाने, शंभर वर्षांचा जीव होता या भिंतींत, एका दुपारीत मारलास. मी माफी मागितली. लाज वाटायला हवी होती. हात तेवढे चुरचुरत होते.

२६ नोव्हेंबर

सोळा तारखेचा काढा सतराव्या पिंपात गुमान पडून आहे. फेस नाही, बुडबुडा नाही. नुसतं गोड पाणी. नंतरचे दोन्ही तसेच. मालक म्हणतात, कारखान्याला कुलूप लावावं लागेल. झुल्मा मात्र आता रागावत नाही. रोज मला सतराव्या पिंपाला पाठ टेकवून बसवते, पाठीमागे उशीसुद्धा देते. तिच्या सासूच्या वेळीही घर असंच मेलं होतं म्हणे. मग काय केलं, विचारलं. म्हणाली, आम्ही काही नाही केलं, घराने आपलं आपण घेतलं.

३० नोव्हेंबर

सतरावं उसळलं! फेस पार छताला. मालकांनी मला धरून गिरकी घेतली. जेवताना लक्षात आलं, आज पोटात लाथ नाही. कालही नव्हती बहुतेक. परवा? आठवत नाही.

२ डिसेंबर

सुईण आली. पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग नळी पिशवीत टाकली, हात धुतले. झुल्माने तिला कॉफी दिली. मीही प्यायले. गरम होती का, कळलं नाही.

४ डिसेंबर

पिंपाला टेकले होते. पाठीत लाथ बसली. पिंपाच्या आतून.

दोन पटापट — मग थांबून एक.

मालकांना सांगितलं. लाकूड फुगतं पोरी, म्हणाले. झुल्माने नजर चुकवली.

६ डिसेंबर

सेंट निकोलसचा सण. गावभर पोरांना खाऊ. झुल्माने मधाचं बिस्किट ठेवलं — पिंपावर.

७ डिसेंबर

फेस बसला. म्हणजे आज बूच.

नको म्हटलं. हातापाया पडले. झुल्मा म्हणाली, उघडं राहिलं तर संध्याकाळपर्यंत मरेल. बंद राहिलं तरच जगेल. वेडी आई होऊ नकोस. मला ‘आई’ म्हणाली ती —

मालक हातोडा घेऊन उभे आहेत. मी भोकात बोट घातलंय. डाव्या हाताने लिहितेय.

धरलं. बोट धरलं त्याने. एवढीशी बोटं, मऊ — मोजता येतात —

वाटतंय मला. सगळं वाटतंय, वानेसचंसुद्धा — आत्ताच का —

काढ म्हणतात. काढलं तर तीन वर्षं. नाही काढलं तर —

पकड सैल होतेय. माझी नाही. त्याची —