मोडेम कार्डातून आलेला आवाज

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या रविवारच्या दुपारचा धक्का माझ्या अंगातून गेलेला नाही. तुम्ही असताना हा विषय काढायची माझी छाती नव्हती. आता तुम्ही डोळे वटारू शकत नाही, म्हणून लिहितेय.

ताई परजातीतल्या मुलाशी लग्न करून बडोद्याला गेली, तेव्हा आपल्या गावची, सायखेड्याची सगळी भावकी समोर बसवून तुम्ही बजावलंत, "आजपासून तिचं नाव या घरात घ्यायचं नाय. जो घेईल त्यानं तिच्यामागं जावं." आई तोंडाला पदर लावून बसली होती. शहरात द्वारका चौकात खाली आपलं स्पेअर पार्टचं दुकान, वर घर, आणि दोन्हीकडे एकाच लाइनवरचे दोन फोन. वरून ताईला कुणी फोन लावू नये म्हणून तुम्ही त्याच्या बटणांवर कुलूपसुद्धा घातलंत. आलेला फोन घ्यायचा, करायचा नाही.

पण मीही तुमचीच मुलगी. ऑफिसने मोडीत काढलेला लॅपटॉप मी घरी आणला. विंडोज त्याला पेलवेना, म्हणून हलकं लिनक्स घातलं. कडेच्या खाचेत, फोनच्या तारेवरून स्वतःच नंबर फिरवून इंटरनेट जोडणारं मोडेमचं कार्ड सरकवलं की तो दोनदा वाजायचा. दोन्ही आवाज चढे आले तर कार्ड चालू. दुसरा उतरला तर ओळख पटली, पण काम होणार नाही. माझा दुसरा आवाज कित्येक आठवडे उतरतच होता. तुम्ही हसायचात, "लय शिकली, आन् आता डबड्याशी भांडती." मला एवढंच हवं होतं, की कुलपाला वळसा घालून ताईला ई-मेल जावा आणि तिचं उत्तर आईला वाचून दाखवावं.

त्या दुपारी दोन्ही आवाज चढे आले! मी फक्त नाचायची बाकी होते. नंबर लावायला सांगितलं, तर पडद्यावर उत्तर, डायल टोन नाही. पुन्हा तेच. लिनक्सच्या नावाने बोटं मोडत मी सेटिंगमागून सेटिंग बदलत बसले. खाली तुम्ही शटर ओढून झोपला आहात, म्हणजे लाइन मोकळीच, हे मी धरूनच चालले होते. शेवटी कार्डाचा स्पीकर चालू ठेवून नुसती लाइन उचलायचा हुकूम सोडला, आणि लॅपटॉपमधून तुम्ही बोलायला लागलात.

"ताप उतरला का पोराचा? काढा दे त्याला."

मग ताईचा आवाज. "अप्पा, दर रविवारी असं चोरून किती दिवस बोलायचं? आईला सांगा ना."

"नाय बाई. तिला कळलं तर उद्याच गाडीत बसंल. मग भावकीत कुठल्या तोंडानं जाऊ मी?"

ताईला मूल झालंय हे आम्हाला माहीतही नव्हतं, अप्पा! इथे आई तिच्या नावाला तरसत होती, आणि तुम्ही खाली बसून नातवाचा ताप विचारत होतात. एवढा ढोंगी माणूस मी पाहिला नव्हता, असंच त्या क्षणी वाटलं. एवढ्यात मागे बघते तर दारात आई उभी. हातातल्या मेथीसकट ती लॅपटॉपपुढे बसली आणि त्यालाच सांगू लागली, "माझी बाई गं, मी इथं आहे." मी ओरडले, "आई, यातून तिला ऐकू जात नाही, फोन उचल!" तिने उचलला. म्हणाली, "बाई, तुला पोरगं झालं?"

मग स्पीकरमधून फक्त रडणं येत होतं, दाबलेलं, घोगरं. आई माझ्यासमोर कोरड्या डोळ्यांनी उभी होती. खाली रिसीव्हर ठेवल्याचा खट्ट आवाज आला, रडणं तुटलं, आणि ताई म्हणाली, "आई, रडू नको गं."

रात्री तुम्ही फोनची किल्ली आईच्या ताटाशेजारी ठेवलीत आणि जेवायला बसलात. त्यानंतर रविवार आईचे झाले. तुम्ही मात्र पुन्हा कधी ताईशी बोलला नाहीत. तिचा फोन आला की एवढंच म्हणायचात, "आईला देतो." ते शरमेने की रागाने, मला आजही ठरवता येत नाही.

हे पत्र ताईला पाठवावं असं लिहायला बसताना मनात होतं. नाही पाठवणार. परवाच ती म्हणाली, "त्या दिवशी आई किती रडली गं फोनवर." मी म्हणाले, "हो, खूप रडली."